टोबिकहून गेलेले पत्र : एका स्त्रीने आपल्याच देशाविरुद्ध जगाकडे मागितलेला न्याय

१/
आजचा धागा एका पत्राविषयी आहे. २९ डिसेंबर १९७७ ही त्या पत्राची तारीख. लिहिणारी कॅनडातील एका आदिवासी वस्तीत जन्मलेली, घटस्फोटित, मुलाबाळांची आई. वय अवघे एकोणतीस. पत्र गेले संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे आणि तक्रार होती खुद्द कॅनडा सरकारविरुद्ध. एका सामान्य स्त्रीने आपल्या देशाला आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे उत्तर द्यायला लावावे, ही गोष्ट तेव्हा नवीच होती. ती शक्य कशी झाली, तिचे फलित काय, आणि आपल्याकडील स्त्रीला असे पत्र आजही का धाडता येत नाही, हे क्रमाने पाहू.

२/
प्रथम एक खुलासा. या धाग्यात ‘इंडियन’ हा शब्द वारंवार येईल. त्याचा आपल्याशी संबंध नाही. कोलंबसाच्या भूगोलातील चुकीमुळे अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांना हे नाव चिकटले आणि कॅनडाच्या कायद्यानेही तेच उचलले. तेथील ‘इंडियन ॲक्ट’ हा कायदा १८७६ साली झाला. कायद्याच्या दृष्टीने इंडियन कोण, राखीव प्रदेशात कोणी राहावे, जमातीच्या जमिनीत व निधीत कोणाचा वाटा असावा, हे सारे तो ठरवू लागला. म्हणजे कोण कोणाच्या रक्ताचा, याचा निवाडा सरकारी नोंदवहीकडे गेला.

३/
या नोंदवहीत स्त्री आणि पुरुष यांना लावलेली मापे वेगळी होती. १८६९ च्या एका कायद्यापासूनच नियम असा होता, की इंडियन स्त्रीने जमातीबाहेरच्या पुरुषाशी विवाह केला की तिचे इंडियनपण संपले. १९५१ च्या सुधारित कायद्यात हाच नियम कलम १२(१)(ब) म्हणून कायम राहिला. उलट, इंडियन पुरुषाने गोऱ्या स्त्रीशी विवाह केला तर त्याचा दर्जा अबाधित राहीच. शिवाय ती गोरी पत्नीही कायद्याने ‘इंडियन’ ठरे. जन्माने जमातीची असलेली परकी होई आणि जन्माने परकी असलेली जमातीची.

४/
हा केवळ नावाचा प्रश्न नव्हता. दर्जा गेला की राखीव प्रदेशात राहण्याचा हक्क जाई, घर मिळण्याचा हक्क जाई, जमातीच्या मालमत्तेतील वाटा जाई. आईबापांच्या शेजारी दफन होण्याचाही अधिकार उरत नसे. नवरा वारला किंवा घटस्फोट झाला तरी गेलेला दर्जा परत येत नसे. १९६५ ते १९७८ या काळात वर्षाला सरासरी ५१० इंडियन स्त्रियांनी जमातीबाहेर विवाह केले. इंडियन पुरुषांचे असे विवाह वर्षाला सरासरी ४४८ होते. प्रमाण जवळपास सारखे. शिक्षा मात्र एकाच बाजूला.

५/
या अन्यायाविरुद्धचा लढा एका पत्राने सुरू झाला नाही. मोहॉक जमातीच्या मेरी टू-ॲक्स अर्ली यांनी १९६० च्या दशकातच संघटन उभारायला प्रारंभ केला होता. १९७५ साली मेक्सिको सिटीत आंतरराष्ट्रीय महिला वर्षाची परिषद भरली, तेव्हा त्या तेथे उपस्थित होत्या. नेमक्या त्याच वेळी काह्नवाके येथील त्यांच्या वस्तीतून त्यांना व त्यांच्यासारख्या इतर स्त्रियांना घर सोडण्याच्या नोटिसा निघाल्याचे कळले. मेरीबाईंनी ती गोष्ट तेथेच, जगभरच्या प्रतिनिधींपुढे मांडली. गाजावाजा झाला आणि नोटिसा मागे घ्याव्या लागल्या. जगाचे लक्ष हेही एक हत्यार असते, हा धडा त्यातून मिळाला.

६/
देशातील न्यायालयांची वाटही चोखाळून झाली होती. जेनेट कॉर्बिएर लाव्हेल आणि इव्होन बेदार या दोघींनी कलम १२(१)(ब) ला आव्हान दिले. आधार होता १९६० च्या कॅनेडियन हक्कविधेयकातील ‘कायद्यापुढे समानता’ या तत्त्वाचा. १९७३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. बहुमताचा युक्तिवाद थोडक्यात असा, की कायदा राबवताना भेदभाव झाला नाही म्हणजे समानता पाळली गेली. साऱ्या इंडियन स्त्रियांना सारखेच बाहेर काढले जाते. मग विषमता कुठे आहे?

७/
येथे आणखी एक गुंता आहे आणि तो टाळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या खटल्यात बहुतेक आदिवासी पुरुष नेतृत्व या स्त्रियांच्या विरोधात उभे होते. १९६९ साली सरकारने इंडियन ॲक्टच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि जमातींनी तो निकराने हाणून पाडला होता. कायदा वाईट खरा. पण जमिनीचे उरलेसुरले संरक्षण त्याच कायद्यात होते. त्याची एक वीट निघाली तर सारी भिंत ढासळेल, अशी त्यांना भीती होती. समूहाच्या अस्तित्वाचा प्रश्न पुढे करून स्त्रियांना ‘तुम्ही थांबा’ म्हणणे आपल्याही इतिहासाला अपरिचित नाही.

८/
आता आपल्या नायिकेकडे वळू. सँड्रा लव्हलेस यांचा जन्म १९४८ चा, न्यू ब्रन्सविक प्रांतातील टोबिक या राखीव प्रदेशातील, मॅलिसीट जमातीतला. २३ मे १९७० रोजी त्यांनी जमातीबाहेरच्या पुरुषाशी विवाह केला आणि त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी त्या इंडियन उरल्या नाहीत. विवाह टिकला नाही. त्या मुलांना घेऊन माहेरी, टोबिकला परतल्या, तेव्हा तेथे राहण्याचा कायदेशीर हक्कच त्यांना नव्हता. स्वतःचे घर मिळेना. आसरा होता तो आईवडिलांच्या घराचा.

९/
टोबिकमध्ये असे भोगणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या, घरासाठी जमातीच्या मंडळाकडे खेटे घालणाऱ्या अनेक स्त्रिया तेथे होत्या. १९७७ साली त्यांनी मंडळाच्या कचेरीतच ठाण मांडले. पुढे जुलै १९७९ मध्ये टोबिकच्या स्त्रियांनी मुलाबाळांसह ओका येथून राजधानी ओटावापर्यंत सुमारे १६० किलोमीटरची पदयात्रा काढली. जिनिव्हाला गेलेल्या पत्रामागे ही सारी चळवळ उभी होती, हे विसरून चालणार नाही. कागदावर सही एकीची होती. त्यामागची पावले अनेकींची होती.

१०/
पण पत्र जिनिव्हालाच का? आणि १९७७ मध्येच का? याचे उत्तर शोधण्यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क आयोग स्थापन केला. त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थितीविषयीचा स्वतंत्र आयोगही निर्माण झाला. बातमी जगभर पसरली आणि लोकांनी आपली गाऱ्हाणी लिहून पाठवायला सुरुवात केली. साहजिकच होते. ज्याच्या नावातच ‘हक्क’ आहे, त्याच्याकडे दाद मागायची नाही तर कोणाकडे?

११/
मानवी हक्क आयोगाचे उत्तर मात्र विलक्षण होते. १९४७ च्या आपल्या पहिल्याच अधिवेशनात त्याने मान्य करून टाकले, की मानवी हक्कांविषयीच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही. ५ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे भारत स्वतंत्र होण्यास अवघे दहा दिवस उरले असताना, आर्थिक व सामाजिक परिषदेने या भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. स्त्रियांच्या आयोगालाही हाच नियम लागू झाला. पत्रे येतील, त्यांची गोपनीय यादी होईल, सदस्य ती यादी पाहतील. बस्स, इतकेच.

१२/
कारण उघड होते. वसाहती असलेल्या साम्राज्यांना आपल्या प्रजेची पत्रे जगापुढे यायला नको होती, वर्णभेदाचे कायदे असलेल्या अमेरिकेला नको होती आणि सोव्हिएत संघालाही नको होती. परस्परांचे वैरी असलेल्या सत्तांचे एका बाबतीत एकमत होते : नागरिक आणि त्याचे सरकार यांच्यामध्ये तिसऱ्याने पडू नये. आंतरराष्ट्रीय कायदा हा तोवर राज्याराज्यांमधला व्यवहार होता. व्यक्तीला तेथे आवाज नव्हता. स्त्रीला तर नव्हताच नव्हता.

१३/
याच काळात मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. सुरतेत जन्मलेल्या, मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वावरलेल्या, मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आलेल्या आणि आपल्या संविधान सभेच्या सदस्य. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्याजागी ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध शब्द यावा, हा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य झाला. १० डिसेंबर १९४८ चा जाहीरनामा आज जसा वाचला जातो, त्यात त्यांचा हा वाटा आहे.

१४/
हंसाबाईंचे दुसरे काम तुलनेने कमी ठाऊक आहे. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हात आयोगाने एक कार्यगट नेमला : हक्क लिहून झाले, पण त्यांची अंमलबजावणी कशी व्हावी? त्या कार्यगटाच्या अध्यक्ष हंसा मेहता होत्या आणि व्यक्तींच्या तक्रारींचे काय करावे, हा त्या गटापुढचा एक कळीचा विषय होता. म्हणजे ज्या प्रश्नाने सँड्राबाईंच्या पत्राची वाट मोकळी झाली, तो प्रश्न ऐरणीवर आणणाऱ्यांत स्वतंत्र भारताची प्रतिनिधी होती. हा तपशील धाग्याच्या शेवटापर्यंत लक्षात ठेवावा.

१५/
उत्तर मिळायला एकोणीस वर्षे लागली. १६ डिसेंबर १९६६ रोजी नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला आणि त्यासोबत एक ऐच्छिक पूरक करारही. मुख्य करारात हक्क. पूरक करारात तक्रारीचा मार्ग. ‘ऐच्छिक’ हा शब्द येथे निर्णायक आहे. जो देश हा पूरक करार स्वतंत्रपणे स्वीकारील, त्याच्याच अधिकारक्षेत्रातील व्यक्तींना समितीकडे तक्रार करता येईल. हक्कांच्या करारावर सही करायची, पण तक्रारपेटीचे कुलूप काढायचे नाही, ही मुभा सरकारांना राहिली.

१६/
दोन्ही करार २३ मार्च १९७६ रोजी अमलात आले. अठरा तज्ज्ञांची मानवी हक्क समिती निवडली गेली. कॅनडाने मे १९७६ मध्ये दोन्ही करार स्वीकारले आणि १९ ऑगस्ट १९७६ पासून ते त्याच्यावर बंधनकारक झाले. पुढच्याच वर्षी सँड्राबाईंचे पत्र निघाले. न्यू ब्रन्सविकच्या मानवी हक्क आयोगाचे प्रमुख नोएल किन्सेला यांनी या कामी त्यांना साहाय्य केले. ‘१९७७ मध्येच का?’ याचे उत्तर हे असे आहे. दार उघडून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते.

१७/
अशा तक्रारीची एक मूलभूत अट असते : आधी देशातील सारे उपाय संपलेले असावेत. सँड्राबाई तर कॅनडाच्या न्यायालयात गेल्याच नव्हत्या. मग? १९७३ चा तो प्रतिकूल निकाल येथे कामी आला. सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम वैध ठरवलेले असताना पुन्हा त्याच भिंतीवर डोके आपटायला लावण्यात अर्थ नव्हता. ऑगस्ट १९७९ मध्ये समितीने तक्रार दाखल करून घेतली. लाव्हेल आणि बेदार हरल्या होत्या. पण त्यांच्या पराभवानेच सँड्राबाईंची वाट मोकळी केली. इतिहासात हरलेले खटलेही वाया जात नाहीत, ते असे.

१८/
कॅनडाचा बचाव काय होता? सरकारने कबूल केले, की इंडियन ॲक्टमधील अनेक तरतुदींचा गंभीर फेरविचार व्हायला हवा. परंतु एकोणिसाव्या शतकातील शेतीप्रधान समाजात राखीव जमिनीला खरा धोका परक्या स्त्रियांपेक्षा परक्या पुरुषांपासून होता, म्हणून असा नियम केला गेला. शिवाय इंडियन समाजात वंश पित्याकडून मोजला जात असे. सँड्राबाईंनी हे साफ नाकारले : आमच्या समाजाचे संबंध परंपरेने केवळ पित्याकडून मोजले जात नव्हते. परंपरेचे नाव घेऊन जो नियम लादला गेला तो मुळात परंपरेचा होता की राज्यकर्त्यांच्या देशातील कौटुंबिक कल्पनांचा, हा प्रश्न वसाहतींच्या इतिहासात पुनःपुन्हा भेटतो.

१९/
३० जुलै १९८१ रोजी समितीने आपले मत दिले. तेथे एक अडचण होती. विवाह १९७० चा. करार कॅनडाला बंधनकारक झाला १९७६ मध्ये. करारापूर्वीच्या घटनेवर समिती निवाडा देऊ शकत नव्हती. म्हणून दर्जा हिरावला त्या क्षणाकडे न पाहता समितीने त्याच्या चालू परिणामाकडे पाहिले : आज, या घडीला, या स्त्रीला आपल्या लोकांत राहता येते का? जखम जुनी असली तरी रक्त अजून वाहत आहे, असा हा विचार. पुढे अनेक प्रकरणांत त्याचा आधार घेतला गेला.

२०/
निष्कर्ष निघाला तो करारातील २७ व्या कलमाखाली. अल्पसंख्य समूहाच्या व्यक्तींना आपल्या समूहासमवेत स्वतःची संस्कृती जगण्याचा, आपली भाषा बोलण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे ते कलम सांगते. सँड्राबाईंची संस्कृती आणि भाषा ज्या समाजात जिवंत होती, तो समाज टोबिकबाहेर नव्हता. तेथे राहू न देणे जमातीची ओळख टिकवण्यासाठी आवश्यकही नव्हते आणि वाजवीही नव्हते. कॅनडाकडून कराराचा भंग झाला होता.

२१/
आता एक टोचणारा तपशील. लिंगभेदाच्या कलमांखाली भंग झाला की नाही, यावर समितीच्या बहुमताने निर्णयच दिला नाही. २७ वे कलम पुरेसे आहे, असे तिने मानले. ट्युनिशियाचे सदस्य नेजिब बुझिरी यांनी स्वतंत्र मत नोंदवले, की समानतेच्या कलमांचाही भंग झालेला आहे आणि तो अद्याप चालू आहे. म्हणजे स्त्रियांवरील भेदभावाविषयी सर्वांत गाजलेल्या या प्रकरणात न्याय मिळाला तो ‘अल्पसंख्य व्यक्ती’ म्हणून. ‘स्त्री’ म्हणून नव्हे. निकाल वाचताना शेवटच्या ओळीइतकेच त्याचे कारणही वाचावे, ते यासाठी.

२२/
स्त्री म्हणून न्याय मिळाल्याचे उदाहरण मात्र त्याआधी काही महिने, एप्रिल १९८१ मध्ये, त्याच समितीने घालून दिले होते. आणि तेही मॉरिशसमधून. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेला हा देश. १९७७ मध्ये तेथे कायदा बदलला : मॉरिशसच्या पुरुषाची परदेशी पत्नी देशात हक्काने राहील, मात्र मॉरिशसच्या स्त्रीच्या परदेशी पतीला मंत्र्याची परवानगी लागेल आणि त्याला केव्हाही हद्दपार करता येईल. वीस स्त्रियांनी मिळून तक्रार केली. त्यांच्या अग्रभागी होत्या शिरीन ओमरुद्दी-सिफ्रा.

२३/
समितीने वीसपैकी तिघींची तक्रार मान्य केली, कारण परदेशी पती त्या तिघींनाच होते. उरलेल्या सतराजणींना त्या घडीला प्रत्यक्ष झळ बसलेली नव्हती. कायदा वाईट आहे एवढे पुरेसे नाही, तो तुम्हाला बाधला पाहिजे, हा नियम तेथे स्पष्ट झाला. तिघींच्या बाबतीत लिंगावरून भेदभाव झाल्याचे समितीने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. १९८३ मध्ये मॉरिशसने आपले कायदे दुरुस्त केले. लहान देश, लहान निकाल. पण परिणाम मोठ्या कॅनडापेक्षा लवकर झाला.

२४/
कॅनडात काय घडले? समितीकडे ना पोलीस, ना दंड, ना तुरुंग. तिचे मत अमलात आणायला लावणारी कोणतीही यंत्रणा नाही. परंतु जगाला मानवी हक्कांचे धडे देणाऱ्या देशाला हा ठपका बोचला. देशातही वातावरण बदलत होते : १९८२ च्या नव्या हक्कसनदेतील समानतेचे कलम १७ एप्रिल १९८५ पासून लागू होणार होते. अखेर १९८५ मध्ये संसदेने इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती करून ते कलम काढून टाकले. दर्जा परत मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या मेरी टू-ॲक्स अर्ली. पुढील वर्षांत एक लाखाहून अधिक लोकांची नावे नोंदवहीत आली.

२५/
गोष्ट येथे संपली असती तर सोयीचे झाले असते. पण १९८५ च्या दुरुस्तीतही मेख होती. परत आलेल्या स्त्रियांच्या वंशजांना जो दर्जा मिळाला, तो त्यांच्या भावांच्या वंशजांपेक्षा कमकुवत होता. एक-दोन पिढ्यांत तो पुन्हा विरून जाई. शेरन मॅकआयव्हर यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयांत लढा दिला, २००९ मध्ये अर्धे यश मिळवले आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याच मानवी हक्क समितीचे दार ठोठावले. नोव्हेंबर २०१८ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले आणि या वेळी समानतेच्या कलमांचा भंग झाल्याचे स्पष्ट म्हटले. ऑगस्ट २०१९ मध्ये संबंधित दुरुस्ती पूर्णपणे अमलात आली. १८६९ पासून मोजले तर दीडशे वर्षे.

२६/
दरम्यान स्त्रियांसाठी स्वतंत्र करार झाला होता. १८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केलेला हा करार ‘सीडॉ’ या नावाने ओळखला जातो. शिक्षण, रोजगार, आरोग्य, विवाह, राजकारण अशा प्रत्येक क्षेत्रातील भेदभाव नष्ट करण्याची हमी त्यात आहे. नव्हता तो एकच भाग : तक्रारीचा. सरकारांनी अधूनमधून अहवाल द्यावा, तेवीस तज्ज्ञांच्या समितीने प्रश्न विचारावेत, इतकेच. ती उणीव भरून निघायला वीस वर्षे गेली. ६ ऑक्टोबर १९९९ रोजी सीडॉचा ऐच्छिक पूरक करार संमत झाला आणि २२ डिसेंबर २००० रोजी तो अमलात आला.

२७/
या नव्या दाराने काय साधले, याची दोन उदाहरणे हंगेरीतील. २००५ मध्ये समितीने घरगुती हिंसेने पोळलेल्या एका स्त्रीच्या बाजूने मत दिले. तेथील कायद्यात मारहाण करणाऱ्या पुरुषाला घरापासून दूर ठेवणारा आदेशच उपलब्ध नव्हता. ‘मारणारा खासगी माणूस, मग सरकारचा काय दोष?’ या जुन्या प्रश्नाला समितीचे उत्तर स्पष्ट होते : संरक्षण न देणे हाही सरकारचाच दोष. दुसरे प्रकरण २००६ चे. गर्भपाताच्या अवस्थेत रुग्णालयात आणलेल्या एका रोमा स्त्रीची तिला न समजावता नसबंदी करण्यात आली होती. संमतिपत्रावरील नसबंदीचा शब्द होता लॅटिनमध्ये. रुग्णवाहिका पोहोचल्यापासून शस्त्रक्रिया संपेपर्यंत गेली होती केवळ सतरा मिनिटे. इतक्या वेळात समजून-उमजून दिलेली संमती संभवत नाही, असे समितीने म्हटले. पुढे हंगेरीने त्या स्त्रीला भरपाई दिली.

२८/
आणि आपण? नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. तक्रारीचा पूरक करार नाही. सीडॉचे अनुसमर्थन ९ जुलै १९९३ रोजी केले. मात्र कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराविना व संमतीविना हस्तक्षेप न करण्याचे धोरण त्याला जोडून. सीडॉचा पूरक करारही भारताने आजवर स्वीकारलेला नाही. ११० हून अधिक देशांनी तो स्वीकारला आहे. त्यांत बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि मालदीव हे आपले शेजारीही आहेत. ढाक्यातील स्त्री सीडॉ समितीला पत्र लिहू शकते. मुंबईतील स्त्री नाही.

२९/
याचा अर्थ सीडॉ भारतात निरुपयोगी ठरला असा नव्हे. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर सामूहिक बलात्कार झाला. त्या घटनेनंतर स्त्रीसंघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १३ ऑगस्ट १९९७ च्या ‘विशाखा’ निकालात न्यायालयाने सीडॉचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ चा कायदा त्यांचीच परिणती. आंतरराष्ट्रीय कायदा आपल्याकडे आला तो आपल्याच न्यायालयाच्या दारातून. ते दार भक्कम आहे, यात शंका नाही. पण १९७३ मध्ये लाव्हेल आणि बेदार यांनाही आपल्या देशाचे सर्वोच्च न्यायालय होतेच.

३०/
प्रश्न देशाच्या न्यायालयांवर विश्वास आहे की नाही, हा नाही. शेवटचे दार बंद झाल्यावर आणखी एक दार असावे की नसावे, हा आहे. १९४७ मध्ये जिनिव्हात हंसा मेहता अंमलबजावणीच्या कार्यगटाचे अध्यक्षपद भूषवत होत्या, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्नही नेमका हाच होता. त्यांच्या देशाने शब्द दुरुस्त करून दिला. दार मात्र आपल्या नागरिकांसाठी अद्याप उघडलेले नाही. याची बाजू आणि विरुद्ध बाजू दोन्ही मांडता येतील. प्रतिसादांत अवश्य मांडा. मात्र हा प्रश्न आपला आहे, हे आधी मान्य करू.

३१/
शेवटी सँड्राबाईंविषयी. ज्या देशाविरुद्ध त्यांनी तक्रार केली, त्याच देशाच्या सिनेटवर २००५ मध्ये त्यांची नियुक्ती झाली. त्यांना त्या पत्रासाठी साहाय्य करणारे नोएल किन्सेला २००६ मध्ये त्याच सिनेटचे अध्यक्ष झाले. कायद्याने एकेकाळी ज्या बाईला टोबिकमध्ये राहण्याचा हक्क नाकारला होता, ती बाई त्याच देशाच्या संसदेत बसून कायद्यांवर मत देऊ लागली. पत्राची तारीख पुन्हा एकदा नोंदवून ठेवा : २९ डिसेंबर १९७७.

धागा समाप्त.